ज्यांना कधी भेटलोच नाही अशा ऑनलाइन मित्रांशी रात्री एक-एक वाजेपर्यंत बोलायला विषय तरी काय असतो? आणि भेटावंसं वाटत नाही का?

टीव्ही आणि हवामान. खरंच, बाकी काही नाही. आमच्या घरातही हाच प्रश्न निघतो. साडेबारानंतर बायको तो जरा वरच्या पट्टीत विचारते.

आम्ही पाच जण. मी दापोली तालुक्यातला, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर नारळ-सुपारीची वाडी. नागपूरचे एक भाऊ. डोंबिवलीच्या काकू, निवृत्त शिक्षिका. न्यू जर्सीची ताई. आणि लातूरचा एक पोरगा, तेव्हा कॉलेजात होता, आता नोकरीला लागला. 28 मार्च 2020 ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. त्यावरून फेसबुकवर कुणाशी तरी वाद घालताना आम्ही एका बाजूला पडलो आणि मग वेगळा ग्रुप केला. 1987 साली रविवारी सकाळी ते लागायचं तेव्हा माझं काम ठरलेलं होतं : कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. वरून मी ओरडायचो, “आलं का?” खालून आजी, “मुंग्याच आहेत रे!” काकूंच्या चाळीतही हेच संवाद होते म्हणे. मुंग्या म्हणजे सिग्नल नसला की पडद्यावर नाचणारे ठिपके, हे लातूरच्या पोराला समजावण्यात एक अख्खी रात्र गेली.

तर गप्पा साधारण अशा असतात. जूनमधल्या एका रात्रीच्या, पावणेबाराच्या :

भाऊ : बे, इकडे भयानक विजा चमकून राहिल्या.
काकू : टीव्हीची पिन काढा आधी.
भाऊ : शेवटची पंधरा मिनिटं राहिली ना काकू, खुनी कोण ते कळू द्या.
मी : चमकली की आकडे मोजा. तीन आकड्यांना एक किलोमीटर.
भाऊ : दोन मोजले.
काकू : पिन!!
पोरगा : खुनी डॉक्टर आहे. आता काढा.

त्या पोराशी भाऊ दोन दिवस बोलले नाहीत.

आमचा सगळ्यात जुना वाद म्हणजे पावसात छत्री का मरते, हा. छत्री म्हणजे गच्चीवरची डिश. काकूंकडे केबल, त्यामुळे त्या कायम वरचढ. भाऊंचं मत होतं, ढग आडवे येतात. माझं मत, वाऱ्याने छत्री हलते. पोरगा इलेक्ट्रॉनिक्सचा, त्याने एका रात्री आम्हा दोघांना गप्प केलं. उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ 36 हजार किलोमीटर उंचीवर. एवढं अंतर सिग्नल बिनबोभाट येतो, आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये, जिथे पाऊस असतो, तिथे संपतो. घरच्या छत्रीला येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे टपोरे थेंब त्यांची ऊर्जा शोषतात आणि उरलेली इकडेतिकडे उधळतात. नुसत्या ढगांनी फारसं बिघडत नाही, म्हणून दिवसभर मळभ असलं तरी चित्र स्वच्छ असतं आणि वळवाची एक सर आली की पडदा निळा. केबलवाल्याकडची भली मोठी डिश बहुतेक चॅनल तिप्पट लांब लहरींवर पकडते, तिला पाऊस तितका बाधत नाही. “म्हणजे माझा केबलवाला हुशार,” असा निष्कर्ष काकूंनी काढला. वारा अगदीच निर्दोष नाही, एवढं मी अजूनही म्हणतो. छत्री बोटभर जरी सरकली तरी खेळ खलास.

ती बोटभर नाही, पूर्ण गेली ती 3 जून 2020 ला. निसर्ग चक्रीवादळ. नाव बांगलादेशने दिलेलं, आणि 169 नावांच्या नव्या यादीतलं पहिलंच. दुपारी ते दिवेआगरजवळ जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी 110-120 किलोमीटर. आदल्या रात्री आम्ही पाचही जण जागे होतो. बातम्यांच्या चॅनलवर एक जण मुंबईच्या किनाऱ्यावर रेनकोट घालून वाकून उभा, मागे लाटा. आणि रत्नागिरी जिल्ह्याचं नाव तळाच्या पट्टीत सरकून जात होतं. तेव्हापासून चॅनलवरचा ‘थेट’ हा शब्द ऐकला की मला हसू येतं. काकू टीव्ही बघून सांगायच्या, ताई हवामान खात्याच्या साइटवरचे उपग्रहाचे फोटो काढून टाकायची, आणि मी पडवीतून लिहायचो : झाडं अजून हलत नाहीत. हे वाक्य मी त्या रात्री तीन वेळा लिहिलंय, आजही चॅटमध्ये आहे.

सकाळी दहाच्या सुमाराला माझा शेवटचा मेसेज गेला. “पत्रा गेला.” दोनच शब्द. त्यानंतर टॉवर बंद.

वादळाबद्दल लोक आवाजाचं सांगतात. खरंय, पण माझ्या लक्षात राहिलाय तो वास. शेकडो झाडं एकदम मोडली की हवेत हिरवा, ओला, चिकाचा वास पसरतो, सुगीत येतो तसा, पण कितीतरी पट उग्र. संध्याकाळी बाहेर आलो तर आमच्या घरातून समुद्र दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा. मध्ये असलेली वाडीच राहिली नव्हती. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या एकाच दिशेला पडलेल्या. छत्री शेजाऱ्यांच्या फणसात अडकली होती.

पाच दिवसांनी डोंगरावर चढून रेंज मिळाली. फोनने एका दमात शंभरावर मेसेज ओतले. पहिले तीसेक काळजीचे, आणि मग मजेशीर गोष्ट : पाचही दिवस, रोज रात्री, काकूंनी ‘श्रीकृष्ण’च्या त्या-त्या भागाची गोष्ट टाइप करून ठेवली होती. दूरदर्शनवर रात्री नऊला लागायचं तेव्हा. “तुझं बुडू नये म्हणून,” असं वर लिहिलेलं. शुद्धलेखनासकट, परिच्छेद पाडून. आमच्या वाडीत लाइट यायला 23 दिवस लागले. तोवर मी दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी चार्ज करायला बाजारात जायचो, डोंगरावर चढायचो आणि मालिका वाचायचो. आल्यावर कंदिलाच्या उजेडात आईला सांगायचो. आईचं म्हणणं, टीव्हीपेक्षा हेच बरं होतं, मध्ये जाहिराती नाहीत.

पाळी सगळ्यांची आली. 2021 च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर पडला, सेंट्रल पार्कात तासाभरात 80 मिलिमीटर. तिकडे रात्र, इकडे आमचा सकाळचा चहा. ताई तळघरातून टीव्ही वर काढत होती आणि काकू तिला पिनेबद्दल विचारत होत्या.

भाऊंची रात्र मात्र वाईट होती. 22 सप्टेंबर 2023, गणपतीचे दिवस. मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. दोनला भाऊंनी लिहिलं, “विजा अशा की ट्यूबलाइट लागल्यासारखं वाटून राहिलं.” मग, “अंगणात पाणी.” मग फोटो : दिवाणावर टेबल, टेबलावर टीव्ही, टीव्हीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला गणपती, आणि खाली गुडघाभर गढूळ पाणी. त्यात एक चप्पल तरंगतेय. माझ्या मुलाने एकदा विचारलं होतं, हे लोक खरे आहेत का बाबा? त्या फोटोनंतर त्याने विचारलं नाही. पहाटे पाचपर्यंत आम्ही काय केलं म्हणाल तर काहीच नाही, करण्यासारखं होतंच काय. दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, “किती?” आणि भाऊ लिहायचे, “तिसरी पायरी.” “तिसरीच.” “दुसरी दिसून राहिली.”

लातूरच्या पोराचं मात्र वेगळंच. 2016 च्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा तो शाळेत. आम्ही पावसाला शिव्या घालायला लागलो की तो फक्त एक ओळ टाकतो : “नको असेल तर इकडे पाठवा.” त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं, मग आम्ही मालिकेकडे वळतो.

आता भेटण्याचं. वाटतं ना. एकदा ठरलंही होतं. ताई भारतात येणार होती, डोंबिवलीला काकूंच्या घरी जमायचं, पुरणपोळीचा बेत. तारीख काकूंनी काढली, जुलैतला रविवार. जुलैत! माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाने तेव्हाच हरकत घ्यायला हवी होती. शनिवारी खेडला जगबुडी नदीने धोक्याची पातळी ओलांडली, मला निघताच येईना. भाऊंची गाडी कुठेतरी अडकून पडली, ते अर्ध्यातून परत फिरले. ताई ठाण्यात बहिणीकडे अडकली, लोकल बंद. पोरगा एकटाच आदल्या दिवशी पोचला होता, त्याने काकूंकडे सहा पोळ्या खाल्ल्या आणि फोटो टाकले.

आता डिसेंबर धरलाय. ताई म्हणते, तेव्हा तिच्याकडे बर्फ असतो, विमानाचा नेम नाही.