घरच्या स्वयंपाकासाठी जपानी सुरी घ्यायची आहे, बजेट १२ हजार. दमास्कस नक्षीची घ्यावी का?

नक्षीला पैसे घालू नका. पात्यावरच्या त्या लाटा म्हणजे बाहेरच्या मऊ पोलादाचे थर. कापतो तो आतला गाभा, आणि तोच गाभा साध्या दिसणाऱ्या पात्यातही मिळतो. व्हीजी-१० या कडक, सहजी न गंजणाऱ्या जपानी पोलादाची, १६५ ते १८० मिलिमीटरची सांतोकू, म्हणजे रोजच्या सगळ्या कामाची जपानी सुरी, घ्या. भाज्या, फळं, बिनहाडाचं चिकन, सगळं तिच्यावर भागतं.

इतकं ठामपणे सांगतोय, कारण आमच्या घरात यावरून अजून धुसफूस चालू आहे. टोकियोत नोकरीला होतो तेव्हा कापाबाशीतून, म्हणजे उएनो आणि आसाकुसाच्या मधल्या भांड्यांच्या बाजारातून, ताईसाठी अशीच बिननक्षीची सांतोकू आणली. तिच्या हातात ती लगेच बसली. पिकलेल्या टोमॅटोच्या पातळ चकत्या न दबता निघायच्या आणि कोथिंबीर चिरली तरी पाटावर हिरवं पाणी सुटायचं नाही. मग दिवाळीत भावोजी चिवड्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप करायला बसले. पातं वाटीत रुतलं, ते त्यांनी तिरकं पिळून सोडवलं आणि धारेतून तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. तेव्हापासून दर लग्नकार्यात ऐकतोय: ‘जपानी माल नुसता दिसायला. आमची विळी बघा, आईच्या काळापासून आहे!’

अहो, विळीला मी कधी नावं ठेवली? खोबरं विळीवरच करायचं असतं. तिचं पातं जाड आणि मऊ, जोर सोसतं. नेहमीच्या जर्मन सुरीचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६-५८ च्या आसपास असतं, व्हीजी-१० चं ६०-६१. एवढं कडक असतं म्हणूनच दर बाजूला १५ अंशांच्या आसपास अशी निमुळती धार लावता येते आणि ती टिकते. पण आडवा पीळ दिला की तीच धार तुटते. यात पोलादाचा काय दोष?

पुढच्या सुट्टीत धार लावायचे दगड घेऊन गेलो, ४०० आणि १००० ग्रिटचे (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). दगड ओला ठेवून घासत बसलो. करडा चिखल सुटत होता. पलीकडच्या बाजूने अंगठ्याला बारीक खरखर लागली की पातं उलटायचं. संध्याकाळपर्यंत खाच गेली. ताई आजही तीच सुरी वापरते, आणि हे मात्र लग्नकार्यात कुणी सांगत नाही.

म्हणून सगळं बजेट सुरीवर उडवू नका, १००० ग्रिटच्या दगडाचे पैसे बाजूला ठेवा. खाली लाकडी पाट हवाच. काचेच्या बोर्डावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरलंत तर धार लगेच बोथट होईल.

शिरोगामी या जपानी कार्बन पोलादाची धार याहून सुरेख लागते, पण ते गंजतं. लिंबू चिरून सुरी तशीच ठेवायची सवय असेल, किंवा कोकणातला पावसाळा असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. घरात मटण-मासे नेहमीचे असतील तर हाडांसाठी वेगळा सुरा लागेलच. डावखुरे असाल तर एकाच बाजूने धार असलेल्या यानागिबा किंवा देबा या माशांसाठीच्या जपानी सुऱ्या टाळा, त्या सहसा उजव्या हाताच्या असतात. सांतोकूला ती अडचण सहसा येत नाही. आणि जपानहून कुणाकडून मागवणार असाल तर चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, केबिन बॅगेत सुरी चालत नाही.