ऐकणाऱ्याचा चेहरा

मागच्या अंकात 'ब्रिटिश मालिकांबद्दल काय विचारायचं ते विचारा' असं लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. मी तीस वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली. त्यामुळे माझी उत्तरं बरीचशी 'कट कुठे पडला', म्हणजे एक चित्र तोडून दुसरं कुठे जोडलं, याच्याभोवती फिरतील, माझं पाहणंच तसं झालंय.

ताई, मी आणि माझ्या मुलीने मिळून 'हॅपी व्हॅली' पाहिली. तीन पर्वांचे मिळून भाग अठराच! शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात सात वर्षांचं अंतर. इतकी गाजलेली मालिका कुणी अशी थांबवून ठेवतं का? आणि हे लोक सहा-सहाच भाग का करतात?

थांबवली ती लेखिका सॅली वेनराइटनंच, आणि कारण कळल्यावर तुम्हाला ती आणखी आवडेल. नायिका कॅथरीन ही पोलीस सार्जंट. तिचा नातू रायन पहिल्या पर्वात लहान शाळकरी पोर आहे. तिसऱ्या पर्वाची गोष्ट अशी की, आपल्या तुरुंगातल्या बापाशी नातं ठेवायचं की नाही हे त्या मुलानं स्वतः ठरवायचं. त्यासाठी तो सोळा वर्षांचा व्हायला हवा. दुसरा मुलगा उभा करणं सोपं होतं. वेनराइटनं तसं केलं नाही. रायनचं काम करणारा रिस कॉना हाच मुलगा मोठा होईपर्यंत ती थांबली. २०१६चं दुसरं पर्व, २०२३चं तिसरं. त्याच्या चेहऱ्यावर गेलेली वर्षं खरीच गेलेली आहेत, आणि आजीच्या चेहऱ्यावरचीही.

सहा भागांचं म्हणाल तर तिथे बऱ्याच मालिका एकच माणूस लिहितो. रोजच्या मालिकांचं गणित वेगळं, पण अशा मालिकेमागे लेखकांची फौज नसते. 'हॅपी व्हॅली'चे अठराही भाग वेनराइटचे, काहींचं दिग्दर्शनही तिचंच. एका माणसाकडून सहा तास कसदार लिहून होतात. त्यापुढे पाणी घालावं लागतं. शिवाय ही मालिका बीबीसीची. बीबीसीचा खर्च मुख्यतः घरोघरच्या टीव्ही परवाना शुल्कातून निघतो (२०२५ साली वर्षाला १७४.५० पौंड), मध्ये जाहिराती येत नाहीत, त्यामुळे दर दहा मिनिटांनी प्रेक्षकाला खिळवून ठेवणारा धक्का द्यायची सक्ती नसते.

तुम्ही दोघी पहिल्या भागाची सुरुवात पुन्हा एकदा पाहा. मुलांच्या खेळाच्या मैदानात दारू प्यालेला एक तरुण लोखंडी चौकटीवर चढून स्वतःला पेटवून घ्यायची धमकी देतोय. खाली सार्जंट कॅथरीन केवूड उभी आहे. डोळ्यांवर गॉगल, जवळ आग विझवायचं नळकांडं. त्याला बोलतं ठेवायचं म्हणून ती स्वतःची माहिती सांगते: वय सत्तेचाळीस, घटस्फोट झालाय, बहिणीबरोबर राहते, बहीण हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडतेय, मुलं दोन, त्यातलं एक गेलं, दुसरं आपल्याशी बोलत नाही. हे सगळं ती यादी वाचावी तसं सांगते. तो पेटवून घ्यायला निघालेला पोरगा क्षणभर आपलं विसरतो आणि विचारतो, का बोलत नाही? ती म्हणते, गुंतागुंतीचं आहे, तुझं बोलू. झालं. नायिकेचं अख्खं आयुष्य दीड मिनिटात तुमच्या हातात दिलं, आणि तेही ड्यूटीचा भाग म्हणून! कॅथरीनचं काम करणाऱ्या सारा लँकेशरनं त्यात एकदाही गळा भरून येऊ दिलेला नाही. तिला दोन वेगवेगळ्या पर्वांसाठी बाफ्टाचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. माझ्या लेखी ती दोन्ही पारितोषिकं तिनं याच प्रसंगात कमावली.

मॅडम, मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'अ‍ॅडोलेसन्स' या मालिकेचा प्रत्येक भाग एका टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा न थांबवता सलग घेतलेला आहे. वर्गात वाद झाला की ही करामत आहे की गोष्टीची गरज. आणि यात संकलकाला काम तरी काय उरतं?

तुझ्या वर्गातला वाद मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते कसं झालं ते पाहा. २०२५ साली आलेल्या या मालिकेचे चार भाग. लेखन जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं, दिग्दर्शन फिलिप बॅरंटिनीचं, छायाचित्रण मॅथ्यू लुइसचं. दर भागाला साधारण तीन आठवडे: पहिल्यात नटांच्या तालमी, दुसऱ्यात कॅमेऱ्यासकट सगळ्या तांत्रिक तालमी, तिसऱ्यात चित्रण, दिवसाला अख्ख्या भागाचे साधारण दोन टेक. कॅमेरा या माणसाच्या हातून त्या माणसाच्या हातात जातो, गाडीत शिरतो, गाडीतून उतरतो. पहिल्या भागाचा दुसराच टेक वापरला, चौथ्या भागाचा सोळावा. म्हणजे त्याआधीचे पंधरा टेक बाजूला ठेवले.

आता करामत की गरज. पहिल्या भागात शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून पहाटे पोलीस दार फोडून तेरा वर्षांच्या जेमीला उचलतात. नेहमीच्या पद्धतीत आपण दारावरून थेट चौकीत गेलो असतो. इथे गाडीतला तो पूर्ण प्रवास त्या पोराबरोबर करावा लागतो. चौकीतली नोंद, झडती, वकिलाची वाट, सगळं त्याच वेगानं. बापाला जेवढा वेळ मिळतो तेवढाच आपल्याला मिळतो. आणि शेवटी चौकशीच्या खोलीत पोलीस चित्रफीत दाखवतात, तेव्हा बापाचं काम करणाऱ्या स्टीफन ग्रॅहमच्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्या तासाभराचं साचलेलं असतं. तिथे एक जरी कट असता तर प्रेक्षकाला श्वास घ्यायला फट मिळाली असती. म्हणून मी गरज म्हणते.

एका जागी मात्र मला कारागिरी दिसली. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला जोडून वर उचलतात, तो गावावरून तरंगत जातो आणि खुनाच्या जागी फुलं ठेवायला आलेल्या बापापाशी उतरतो. आभाळातून जाताना मी गोष्ट सोडून 'हे कसं केलं असेल' याच विचारात होते. खाली उतरल्यावर परत गोष्टीत आले.

तिसरा भाग मात्र तू वही घेऊन बस. एक खोली, एक मुलगा, एक मानसशास्त्रज्ञ. जेमी झालेल्या ओवेन कूपरचं हे पडद्यावरचं पहिलंच काम, आणि चित्रण सुरू झालं तेच या भागापासून. समोर मानसशास्त्रज्ञ झालेली एरिन डोहर्टी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच आणते. सँडविचमध्ये त्याला न आवडणारं लोणचं आहे. एका जागी ओवेनला खरीच जांभई आली. एरिननं ती तशीच उचलली आणि भूमिकेत राहून विचारलं, मी कंटाळा आणतेय का तुला? तो हसला, आणि ते हसू जेमीचंच झालं. जो टेक आपण पाहतो त्यात ते आहे. तालमी कितीही होऊ देत, समोरच्याचं खरोखर ऐकणारी नटी असेल तरच हे घडतं. भागाच्या शेवटी मुलाला नेल्यावर ती एकटी उरते आणि त्या घास घेतलेल्या सँडविचला हात लावायला जाते, आणि हात मागे घेते. एक शब्द नाही. तिनं तासभर जे ऐकलं ते त्या हातात आहे.

संकलकाचं काम? कट नाहीत असं समजू नकोस. कोण बोलताना कोण दिसायचं, कॅमेऱ्यानं कुणामागे वळायचं, कुणाला पाठमोरं ठेवायचं, हे सगळे कटच आहेत. ते टेबलावर न होता तालमीत झाले. मी उमेदवारी करत होते तेव्हा हाताला एक सवय लागली होती: जो बोलतो त्याच्यावर कट. ती सवय मोडायला मला दहा वर्षं लागली. तुझी लवकर मोडो.

ताई, इंग्रजी चांगलं असूनही मला या मालिकांचे संवाद कळत नाहीत. सबटायटल लावणं कमीपणाचं वाटतं.

खुशाल लावा. मी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या मालिकांना नेहमी लावते. फक्त वाचता वाचता कान बंद करू नका, कारण तिथे माणसानं तोंड उघडलं की त्याचा गाव, शाळा, बापाचा धंदा सगळं बाहेर पडतं आणि लेखक त्यावरच खेळत असतात. 'कोरोनेशन स्ट्रीट' १९६० साली सुरू झाली तेव्हा उत्तरेकडच्या गल्लीतली बोली आठवड्यातून दोनदा घराघरात पोचणं हीच मोठी गोष्ट होती. वेनराइट पुढे त्याच मालिकेत लिहायला शिकली, आणि लँकेशर त्याच मालिकेतून लोकांना माहीत झाली.

उच्चारांची धार पाहायची असेल तर 'द ज्युएल इन द क्राउन' पाहा, ग्रॅनडा कंपनीची १९८४ची, चौदा भागांची. त्यातला हरी कुमार इंग्लंडात, उंची शाळेत वाढलेला. आर्ट मलिकनं त्याच्या तोंडी अस्सल साहेबी इंग्रजी ठेवलं आहे. समोर ब्रिटिश अमलातल्या भारतातला इंग्रज पोलीस अधिकारी मेरिक, म्हणजे टिम पिगॉट-स्मिथ. तो साध्या घरातून वर आलेला, बोलताना जपून बोलणारा. राज्य मेरिकचं, पण भाषा हरीची जास्त वरची. मेरिक त्याचा छळ करतो त्यामागे रंग तर आहेच, पण हा उच्चारही आहे. कान उघडे नसतील तर अर्धी गोष्ट निसटते.

मी आयुष्यभर हिशेबतपासणी केली. 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' पाहून रात्रभर झोप लागली नाही. एका मालिकेनं खरोखर कायदा बदलला, हे खरं का?

खरं आहे, पण पूर्ण श्रेय मालिकेला देऊ नये, असं मला वाटतं. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे ब्रिटनभरच्या सबपोस्टमास्तरांच्या, म्हणजे कंत्राटावर छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांच्या, हिशेबात तूट दिसू लागली आणि नऊशेहून अधिक माणसं चोर ठरली. त्याबद्दल पत्रकार २००९पासून लिहीत होते. २०१९ साली उच्च न्यायालयात ५५५ जणांच्या दाव्यात प्रणाली सदोष असल्याचा निकालही लागला होता. २०२१ साली अपील न्यायालयानं ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द केली. लढाई त्या माणसांनी लढली होती.

मग १ जानेवारी २०२४पासून ओळीनं चार रात्री आयटीव्ही वाहिनीवर ग्वेनेथ ह्यूजनं लिहिलेली, जेम्स स्ट्राँगनं दिग्दर्शित केलेली ही मालिका आली. १० जानेवारीला पंतप्रधानांनी संसदेत नवा कायदा करण्याची घोषणा केली आणि मे महिन्यात तो झालाही. शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द झाल्या. वर्तमानपत्रांतून सगळं छापून आलेलं असताना चार रात्रींनी असं काय केलं?

तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्हाला तो प्रसंग आठवत असणार. जो हॅमिल्टन नावाची सबपोस्टमास्तर, म्हणजे मोनिका डोलन, आपल्या छोट्या दुकानात रात्री मदतकेंद्राला फोन लावून बसली आहे. पलीकडचा आवाज सांगतो ते बटण ती दाबते, आणि पडद्यावरची तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. पलीकडच्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसते ती फोन कानाशी धरलेली बाई, सांगितलेलं सगळं मुकाट्यानं केलेली. तिचा पहिला संशय स्वतःवर जातो, यंत्रावर नाही. निकालपत्रात हे वाचता येतं, पण तिथे बाईचा चेहरा नसतो. या लढ्याचा म्होरक्या, टोबी जोन्सचा अ‍ॅलन बेट्सही तसाच, आवाज न चढवणारा. मोठ्या भाषणांचा मोह ह्यूजनं टाळला याचं मला फार मोल वाटतं.

याआधीचं उदाहरण तुम्हाला शोधायचं असेल तर १९६६चं 'कॅथी कम होम' हे बीबीसीचं टीव्ही-नाटक पाहा. दिग्दर्शक केन लोच, लेखक जेरेमी सँडफर्ड. घर गेलेलं तरुण जोडपं, आणि शेवटी रेल्वे स्थानकावर आईच्या कुशीतून ओढून नेलेली मुलं. सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी ते पाहिलं. बेघरांसाठीची 'शेल्टर' ही संस्था त्यानंतर काही दिवसांतच सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, पण दार ठोठावल्यावर उघडणारी माणसं या नाटकानं तयार करून ठेवली.

जुन्या बीबीसी मालिका नाटकासारख्या का दिसतात? मुलं हसतात, म्हणतात भिंती हलतायत.

तेव्हाची रीत अशी की आतले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर, तीन-चार कॅमेरे एकाच वेळी लावून. बाहेरचे प्रसंग फिल्मवर. दोन्हींचा पोत वेगळा, म्हणून दार उघडून माणूस अंगणात आला की चित्रच बदलतं. १९७६ची 'आय, क्लॉडियस' तर सगळीच स्टुडिओतली. रोमन साम्राज्याची गोष्ट, पण एक रणांगण दिसत नाही.

मुलांना त्यातला ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रसंग दाखवा. दिग्दर्शक हर्बर्ट वाइज. सम्राट ऑगस्टस, म्हणजे ब्रायन ब्लेस्ड, अंथरुणावर पडला आहे. त्याची बायको लिव्हिया त्याच्याशी बोलतेय, आणि ती, म्हणजे सिआन फिलिप्स, आपल्याला दिसत नाही, नुसता आवाज. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हटत नाही. ब्लेस्ड पापणी हलवत नाही. डोळ्यांत आधी समज आहे, मग ती हळूहळू जाते, आणि नेमकी कोणत्या क्षणी गेली ते मी अनेकदा पाहूनही मला पकडता आलेलं नाही. मग लिव्हिया उठते, बाहेर जाते, आणि जाता जाता मुलाला सांगते की अंजिरांना हात लावू नकोस.