लग्नाच्या व्हिडिओत नवरी एका कॅमेऱ्यात पिवळी, दुसऱ्यात हिरवट दिसते. रंग कसे जुळवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतबहिणीचं लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं, घरच्यांनीच दोन मिररलेस कॅमेरे आणि एका आयफोनवर शूट केलं. टाइमलाइनवर लावलं तर एका कॅमेऱ्यात चेहरे पिवळे, दुसऱ्यात हिरवट, फोनवर पांढरेफटक. नेटवरच्या फुकट लट (LUT, रंग बदलणाऱ्या तयार फाइली) टाकून पाहिल्या तर आणखीच वाट लागली. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे, आता करायचं काय?

मी अंधेरीत एडिटिंग आणि ग्रेडिंग, म्हणजे व्हिडिओचे रंग नीट करायचं काम करतो. रोजचं काम जाहिरातींचं, पण लग्नसराई संपली की ओळखीपाळखीतली अशी फुटेज घेऊन कुणी ना कुणी दारात उभं असतंच. त्यामुळे तुमचं दुखणं पाठ आहे.

आधी त्या सगळ्या लट काढून टाका. लट म्हणजे अमुक रंग आत आला की तमुक रंग बाहेर द्यायचा, एवढाच तक्ता. तुमच्या हॉलमध्ये कुठला दिवा कुठे होता हे त्याला कळत नाही. तीन प्रकारे बिघडलेल्या क्लिपांवर एकच लट टाकली की त्या तीन प्रकारेच बिघडलेल्या राहतात, वर कॉन्ट्रास्ट तेवढा वाढतो. आधी दुरुस्ती, मग जुळणी, आणि लूक, म्हणजे मुद्दाम दिलेली छटा, शेवटी. लग्नाच्या व्हिडिओला लूक लागतोच असंही नाही.

मुळात बिघडलं का, तर हॉलमध्ये उजेड एक नसतो. स्टेजवर 3200 केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) पिवळे हॅलोजन, छताला 6500 च्या आसपासच्या ट्यूबा किंवा एलईडी, व्हिडिओसाठी लावलेला दिवा 5600 चा, आणि खिडकी असली तर बाहेरचा उजेड वेगळाच. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, मात्र एकच देता येतो. म्हणजे एका फ्रेममध्ये सगळं बरोबर करणं शक्यच नाही, काय बरोबर हवं ते निवडायचं असतं. चेहरा निवडा, भिंत सोडून द्या. हॉलची भिंत हिरवी आली म्हणून नवरीच्या आईनं मला कधी फोन केलेला नाही. चेहरा काळपट दिसला म्हणून मात्र हमखास येतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्या क्लिपा एकदम हातात घेऊ नका. मुख्य कॅमेऱ्यातला एक शॉट निवडा, ज्यात नवरीचा चेहरा जवळून आणि बऱ्या उजेडात आहे. बहुतेक नवशिके पांढरा रंग म्हणून अंतरपाट धरतात. पण तो रेशमी असला तर मुळातच मोतिया असतो, तो पांढराशुभ्र केलात की सगळी फ्रेम निळसर होते. शिवाय त्यावर पडणारा उजेड आणि चेहऱ्यावरचा उजेड एकच असेल याची खात्री नाही. माझा आवडता आधार म्हणजे मुंडावळ्या. त्या गालाला लागूनच लोंबत असतात, म्हणजे चेहऱ्यावरचाच उजेड त्यांच्यावर असतो. मोती थोडे पिवळसर असले तरी चालेल, कारण बघायचा तो त्यांच्यावरचा चमकेचा ठिपका. तो मोत्याचा नाही, दिव्याचा रंग दाखवतो. फक्त तो ठिपका पूर्ण जळालेला नको. जळाला असेल तर तिथे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल छताला टेकलेले असतात आणि काहीच कळत नाही.

क्लिप तात्पुरती झूम करून चेहरा आणि मुंडावळी एवढंच फ्रेममध्ये ठेवा आणि आरजीबी परेड, म्हणजे तिन्ही चॅनल शेजारी शेजारी दाखवणारा आलेख, उघडा. पिवळ्या क्लिपमध्ये निळा चॅनल खाली बसलेला दिसेल. गेन म्हणजे उजळ भागाचं चाक, त्यातला निळा हळूहळू वर घ्या, तिन्ही चॅनलची टोकं मोत्यांपाशी एका उंचीवर आली की थांबा. मग व्हेक्टरस्कोप, म्हणजे रंग कुठल्या दिशेला झुकलाय ते दाखवणारा गोल आलेख. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी स्किन टोनची रेघ असते, सेटिंगमधून ती चालू करावी लागते. गोरा, गहुवर्णी, सावळा, कुठलाही चेहरा त्या रेघेच्या आसपासच येतो, कारण कातडीचा रंग ठरतो तो रक्त आणि मेलॅनिन यांवर, आणि ते सगळ्यांना सारखेच. फरक असतो तो मुख्यतः उजळपणात आणि गडदपणात. गालाचा ठिपका रेघेवर आला की रंग झाला. हळदीच्या शॉट्सना मात्र हा नियम लावू नका. तिथे चेहरा रेघेपासून पिवळ्याकडे सरकलेलाच हवा, नाहीतर हळद पुसल्यासारखी दिसते.

‘जरा गोरी करून द्या’ अशी फर्माइश येईल. करू नका. उजेड थोडा वाढवा, रंगाला हात लावू नका, नाहीतर शेजारी उभ्या सख्ख्या भावाची आणि तिची कातडी जुळणार नाही.

हिरवट कॅमेऱ्यासाठी टिंट मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) न्या. इथे एक गंमत होते. फ्रेममधला हिरवा काढताना तुम्ही हिरवा चुडाही मारता आणि हातात राखाडी बांगड्या दिसू लागतात. दुसऱ्या नोडवर (रिझॉल्व्हमधली दुरुस्तीची वेगळी पायरी) ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन कर्व्ह घ्या आणि फक्त हिरव्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडं वर करा. शालूची जर पण बघा, पिवळा जास्त ओढून घेतला की ती पितळेऐवजी कथलासारखी दिसते.

पहिला शॉट मनासारखा झाला की त्याचा स्टिल (जपून ठेवलेली एक फ्रेम) घ्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्याची क्लिप वाइप लावून, म्हणजे स्क्रीन अर्धी-अर्धी वाटून, शेजारी ठेवा. आधी उजेड जुळवा, मग रंग. दोन शॉट्समध्ये उजेड वेगळा असला की डोळा रंगालाच दोष देतो, आणि बऱ्याचदा एक्सपोजर सारखं केलं की अर्धं काम तिथेच संपतं. प्रत्येक कॅमेऱ्याचा ग्रुप केलात तर मूळ दुरुस्ती एकदाच करावी लागेल.

आयफोनची पांढरेफटक क्लिप हे वेगळं प्रकरण. 2020 च्या आयफोन 12 पासून फोन मुळातच एचडीआर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त उजळ पल्ल्याचा व्हिडिओ, शूट करतो. ती क्लिप साध्या 709 (नेहमीच्या, एचडीआर नसलेल्या व्हिडिओच्या) टाइमलाइनवर तशीच टाकली की उडालेली दिसते. प्रोजेक्टमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा आणि त्या क्लिपांना इनपुट म्हणून रेक 2100 एचएलजी हा फोनच्या एचडीआरचा प्रकार द्या, माहिती परत येईल. फोन फ्रेम रेटही धरून ठेवत नाही, कमीजास्त करतो, म्हणून आवाज सरकतो. हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून आधी स्थिर फ्रेम रेटची फाइल करून घ्या. आणि प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, नंतर तिथे कुलूप पडतं.

तुमचे कॅमेरे 8 बिटमध्ये शूट करत असतील तर हात आखडता ठेवा. एका चॅनलला 256 पायऱ्या असतात, 10 बिटमध्ये 1024. अंधारा भाग ओढून वर काढलात की मागच्या पडद्यावर पट्टे उमटतात, आणि रिझॉल्व्हचा नॉइज रिडक्शन पैसे भरलेल्या आवृत्तीतच आहे. संगीतच्या रात्रीचे निळेजांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) तर तसेच राहू द्या. निळा चॅनल तिथे जळालेला असतो, चेहऱ्यावरचा तपशील रेकॉर्डच झालेला नाही, आणि नाचताना माणूस जांभळा दिसला तर कुणाला खटकत नाही.

हे सगळं कट लॉक झाल्यावर, म्हणजे कापाकापी पक्की झाल्यावर. मंगलाष्टकांचा आवाज एकाच कॅमेऱ्याचा सलग ठेवा आणि त्यावर चित्रं बदला. आवाज कापलात की चाल तुटते आणि ते प्रत्येकाला कळतं. अक्षतांवरचा कट ‘सावधान’ संपायच्या किंचित आधी घ्या, हात उठताना दिसले पाहिजेत.

काम करताना लॅपटॉपचा नाइट लाइट बंद, खोलीतला पिवळा बल्बही बंद. दर थोड्या वेळाने स्क्रीनवरून नजर काढा, डोळ्याला चुकीच्या रंगाची सवय फार पटकन होते.

एक्सपोर्ट 1080 ला एच 264 मध्ये सेकंदाला 15 ते 20 मेगाबिट ठेवा. काकांना घरच्या टीव्हीवर दाखवताना आधी व्हिव्हिड मोड बंद करून सिनेमा मोड लावा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जातो. व्हिडिओ म्हणून टाकलात तर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबून बारीक करतं.