आधी बल्ब, मग स्विच
जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मामा तारवटी (बोटीवर नोकरीला) होते. १९८० च्या आसपास त्यांनी बोटीवरून आणलेला जपानी स्टिरिओ ॲम्प्लिफायर पंधरा वर्षे माळ्यावर पडून आहे. तो लावून बघावा म्हणतो. थेट प्लग लावला तर चालेल का?
(एक वाचक, कुडचडे)

उत्तर : नको. आधी मागची पट्टी वाचा. परदेशी विक्रीसाठी बनवलेल्या बऱ्याच जपानी सेटांना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो : ११०, १२०, २२०, २४०. तो २४० वर ठेवा. आपली वीज नावाला २३० व्होल्ट, पण लोड कमी असला की ती २४० च्या पुढेही सरकते. पट्टीवर फक्त '१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' एवढेच असेल, तर सेट जपानच्या घरगुती बाजारातला आहे. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि तोही पट्टीवरच्या वॅटच्या किमान दीडपट व्हीएचा (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर).

आता सिरीज बोर्ड, म्हणजे सेटच्या आधी विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब. फेजच्या तारेत, ॲम्प्लिफायरच्या अलीकडे, ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब घ्या. एलईडी किंवा सीएफएल इथे कुचकामी. तारेचा बल्ब थंड असताना करंटला जवळजवळ मोकळी वाट देतो आणि तापला की स्वतःच वाट अडवतो. आपल्याला हवा आहे तो हाच गुण. स्पीकर काढून ठेवा, इनपुटला काही जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर. स्विच दिल्यावर बल्ब झगकन पेटून एक-दोन सेकंदांत मंद लालसर झाला, तर फिल्टर कंडेन्सर (सप्लायची वीज साठवणारे मोठे डबे) चार्ज झाले आणि मोठा शॉर्ट कुठे नाही. तो लखलखीत पेटून राहिला, तर लगेच बंद करा. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर वीज देणारी गुंडाळी) ब्रिजपासून, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांपासून, सोडवा आणि पुन्हा बघा. तरीही बल्ब पेटत असेल तर ट्रान्सफॉर्मर गेला. विझला तर दोष ब्रिज, फिल्टर कंडेन्सर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये. तिथे मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक पकडता येतो.

बल्ब मंद असताना स्पीकर रिलेचा (सगळे ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या आपोआप स्विचचा) 'टक्' ऐकू आला नाही तर घाबरू नका. बल्बने व्होल्टेज खाल्लेले असते. अर्धा तास तसेच राहू द्या, मग १०० वॅटचा बल्ब लावा. रिले ओढला की स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर कारण शोधायचे. रिले ओढतच नसेल, तर रिलेच्या अलीकडे, बोर्डवरच मोजा; तिथे मिलिव्होल्ट नव्हे, चक्क व्होल्ट दिसत असतील तर प्रोटेक्शन आपले काम चोख करत आहे, त्याला बायपास करून स्पीकर जाळू नका. पहिली जोडणी एखाद्या टाकाऊ स्पीकरलाच.

झाकण उघडून हात घालण्याआधी फिल्टर कंडेन्सर रिकामे करा. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० व्होल्टवर साडेबारा ज्यूल धरून बसतो. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि वाईट आहे. टोक वितळते, कंडेन्सरची आतली जोडणी दुखावते. २२० ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर पंधरा सेकंद टेकवा आणि मीटरवर एक व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा.

प्रश्न : बोर्डवर फिल्टर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, कडक थर आहे. कंडेन्सर गळले असे समजून दोन्ही बदलले. तरी पाऊस सुरू झाला की उजव्या चॅनलमधून चरचर येतेच.
(एक वाचक, वास्को)

उत्तर : ती गळती नाही, कारखान्यात लावलेला डिंक आहे. वाहतुकीत मोठे पार्ट हलू नयेत म्हणून त्या काळी तो सढळ हाताने ओतत. नवा असताना पिवळसर, रबरासारखा. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन तपकिरी आणि ठिसूळ होतो, हवेतला ओलावा शोषतो आणि मग वीज वाहू लागतो, शिवाय तांबेही खातो. जूनपासून आपल्याकडच्या हवेत काय असते ते सांगायला नको. समुद्राजवळ त्यात मीठही. म्हणून तुमचा दोष पंचांग बघून येतो.

खात्री करायची असेल तर मीटर २० मेगओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही टोके डिंकात, दोन-तीन मिलिमीटर अंतरावर, टोचा. पिवळ्या डिंकात मीटर काही दाखवत नाही. तपकिरी डिंकात आकडे हलू लागले तर चोर सापडला. मग भिंग घ्या. डायोडचा किंवा रेझिस्टरचा पाय जिथे डिंकात शिरतो तिथे तो हिरवट-काळा झालेला दिसेल. चिमट्याने जरा हलवलात तर कधी कधी पाय तुटून हातातच येतो. वरून पार्ट धडधाकट दिसत असतो, हीच यातली फसवणूक.

काढताना घाई नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा दहा मिनिटे ठेवून डिंक मऊ करा आणि बांबूच्या काडीने खरवडा. स्क्रूड्रायव्हर वापरलात तर खालचे ट्रॅक जातील. डिंकाला टेकलेला प्रत्येक जंपर, डायोड, छोटा कंडेन्सर पाय काळा असो वा नसो, उचलून तपासा. शेवटी बोर्ड अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. नवा डिंक लावायचाच असेल तर न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन. बाथरूमचे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन नको, त्यातले ॲसिटिक ॲसिड तांब्याला लागते.

एवढे करूनही चरचर राहिली आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ती तेवढीच असली, तर पॉवर बोर्डच्या पहिल्या जोडीतल्या ट्रान्झिस्टरवर संशय घ्या. सत्तरच्या दशकातला २एसए७२६ यासाठी कुप्रसिद्धच आहे. डाव्या-उजव्या चॅनलचे ट्रान्झिस्टर अदलाबदल करा. चरचर बाजू बदलून गेली तर प्रश्न मिटला. त्या जागी केएसए९९२ चालतो, मात्र दोन्हीचा गेन (करंट वाढवण्याची क्षमता) जवळपास सारखा निवडा आणि पायांचा क्रम डेटाशीटवर पडताळून मगच सोल्डर करा.

प्रश्न : गाणे लावले की डावा चॅनल मुका. व्हॉल्यूम बराच वाढवला की अचानक येतो आणि मग कमी केला तरी चालू राहतो.
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नव्वद टक्के रिले. संपर्कांवर काळा थर बसतो, छोटा सिग्नल तो भेदू शकत नाही, मोठा भेदतो. आवाज गेलेला असताना रिलेच्या टोपीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. आवाज आला तर निदान झाले. पॉलिश पेपरने घासून महिनाभर चालेल, कारण घासताना वरचा मुलामा जातो. त्याच कॉइल व्होल्टेजचा, बहुधा २४ व्होल्टचा, आणि किमान ५ ॲम्पिअर संपर्कांचा नवा रिले बसवा. बदलण्याआधी स्पीकर ए-बी आणि टेप मॉनिटरचे स्विच कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवून घ्या, उरलेले दहा टक्के तिथेच असतात. दारांच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे ॲम्प्लिफायरपासून दूर ठेवा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा जुना १०० वॅटचा पीए ॲम्प्लिफायर आहे. त्यातली २एन३०५५ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी यंदा तीनदा जळली. दरवेळी नवी घातली, चार दिवस चालते. चवथीपूर्वी दुरुस्त व्हायला हवा.
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : ट्रान्झिस्टर तीनदा जळला म्हणजे त्याला जाळणारे तीनही वेळा जागेवरच राहिले. मागच्या पट्टीपासून सुरुवात करा. तिथे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे वेगवेगळे स्क्रू असतात. लाइन ट्रान्सफॉर्मर (भोंगा १०० व्होल्टच्या लाइनला जुळवणारा) नसलेला ८ ओहमचा भोंगा चुकून १०० व्होल्टच्या स्क्रूवर गेला, तर तो हिशेबाने १२५० वॅट मागतो (१०० गुणिले १००, भागिले ८). १०० वॅटचा सेट ते देणार कुठून? १६ ओहमचे चार भोंगे समांतर जोडलेत तर मिळून ४ ओहम, म्हणजे ४ च्या स्क्रूवर. लाइन ट्रान्सफॉर्मरवाले असतील तर सगळ्यांच्या टॅपिंगच्या वॅटची बेरीज ८० च्या आत ठेवा. मंडपात ओल्या वायरींचे जोड पिळून टेप लावलेले असतात, तेही एकदा बघाच.

वायरिंग ठीक असेल तर आत. जळलेल्या जोडीबरोबर ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एमिटरचे रेझिस्टर (०.२२ किंवा ०.४७ ओहम) आणि बायसचे (गाणे नसतानाही आउटपुटमधून थोडा करंट चालू ठेवणाऱ्या भागाचे) डायोड एकेक पाय उचलून तपासा. शॉर्ट झालेला आउटपुट बहुतेक वेळा यातला एखादा सोबत नेतो, आणि तो अर्धमेला राहिला की पुढची जोडी चार दिवसांत. बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) जुना असेल तर न मोजताच बदला : काही सर्किटांत त्याचा मधला संपर्क सुटला की बायस शेवटच्या टोकाला जाते. बायसचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर हीट सिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) घट्ट टेकलेला आहे ना, तेही बघा. तो सुटला की हीट सिंक तापल्याची खबर सर्किटला लागत नाही आणि करंट वाढत जातो.

ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामधला मायका वॉशर तडकला असेल तर बदला. दोन्ही बाजूंना सिलिकॉन पेस्टचा पातळ थर, लोण्यासारखा थापू नका. स्क्रू कसल्यावर, वायरी जोडण्याआधी, ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीट सिंक यांच्यात मीटर लावा. काहीच वाहायला नको.

आता मुख्य संशय : नकली माल. २एन३०५५ ची छापील क्षमता ६० व्होल्ट, १५ ॲम्पिअर, ११५ वॅट. बाजारात त्याच टोपीखाली चिमुकली चिप घातलेले तुकडे येतात. मीटरवर ते खऱ्यासारखेच दिसतात. घरच्या घरी अशी परीक्षा घ्या. ट्रान्झिस्टर हीट सिंकवर बसवा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस, त्यातून गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, तिथून कलेक्टर, एमिटर मायनसला. बेसला प्लसमधून २७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर. बेसमध्ये साधारण ०.४ ॲम्पिअर आणि कलेक्टरमध्ये चारेक ॲम्पिअर वाहतील. दिवा पूर्ण पेटला आणि कलेक्टर-एमिटरमध्ये १.१ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर तो डेटाशीटला उतरला. तीन-चार व्होल्ट दिसले, किंवा तो तिथल्या तिथे मेला, तर मंडळाचे पैसे वाचले असे समजा. ही परीक्षा करंटची आहे, व्होल्टेजची नाही. सप्लाय ६० व्होल्टच्या जवळ जात असेल तर एमजे१५००३ (१४० व्होल्ट, २० ॲम्पिअर) घ्या. तोही नामांकित वितरकाकडूनच, रस्त्यावरच्या ढिगातून नको.

जोडी बसवल्यावर पुन्हा सिरीज बल्ब. बायसचा प्रीसेट आधी सर्वांत कमी करंटच्या बाजूला. ती बाजू कुठली हे सर्किटवर अवलंबून, म्हणून बल्ब असतानाच ठरवा. मग ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट आणा, म्हणजे सुमारे ४५ मिलिॲम्पिअर. सेटच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पंधरा मिनिटे तापू द्या, पुन्हा लावा. आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असेल आणि तो रेझिस्टर करपला असेल, तर सेट कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो आहे. जुन्या, संथ २एन३०५५ साठी आखलेल्या सर्किटमध्ये आजचे वेगवान घातले की हे होते.

प्रश्न : सगळे कंडेन्सर एकदम बदलून टाकावेत का?
(एक वाचिका, मडगाव)

उत्तर : नाही. फिल्म आणि सिरॅमिक पन्नास वर्षांनीही ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नका. इलेक्ट्रोलिटिकमध्ये (आत द्रव असलेल्या जातीत) गरम जागेचे, म्हणजे हीट सिंक आणि मोठ्या रेझिस्टरशेजारचे, आधी. कपलिंग कंडेन्सर (स्पीकरच्या वाटेत बसवलेला) असलेल्या सेटमध्ये बेस पातळ झाला असेल तर तो मोजा : ८ ओहमला १००० मायक्रोफॅरड असताना कट-ऑफ (ज्याच्या खालचा आवाज घटत जातो ती फ्रिक्वेन्सी) २० हर्ट्झ, तोच वाळून १०० झाला तर २०० हर्ट्झ. मग तबला टिचकीसारखा वाजतो. फिल्टर कंडेन्सर १०० हर्ट्झची घरघर असेल किंवा माथा फुगला असेल तर बदला. ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर आधी अर्थिंग आणि आरसीए वायरी बघा. व्होल्टेज मूळइतके किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचा, मायक्रोफॅरड फार तर दीडपट. दुप्पट-तिप्पट घातलेत तर सुरू होताना ब्रिजवर धाड येते. एका वेळी दोन-तीनच बदला आणि दरवेळी वाजवून बघा. वीस बदलल्यावर सेट मुका झाला तर उलटा लावलेला कोणता, हे शोधण्यात रविवार जातो.

प्रश्न : पावसाळ्यात सेट झाकून ठेवावा का?
(एक वाचक, काणकोण)

उत्तर : प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा दोन तास वाजवा, ट्रान्सफॉर्मरच्या उबेने आतला ओलावा उडतो. खालच्या आणि मागच्या जाळ्यांना आतून नायलॉनची मच्छरजाळी चिकटवा, हवा अडणार नाही इतकी विरळ. उबेला पाली आणि मुंग्या येतात, आणि पाल नेमकी प्लस-मायनस सप्लायच्या मधोमध बसते.