शनिवारी घाणा बंद का असायचा?

प्रश्न: आमची अलिबागची आजी सांगायची, तिथले ज्यू तेली शनिवारी घाणा बंद ठेवायचे. नुसतं काम न करणं ही भक्ती कशी? मला तर सुट्टीतही मोबाईल सोडवत नाही.

उत्तर: आजीचं खरंय, बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, कोकणात ‘शनिवार तेली’च म्हणायचे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो तो शनिवारी रात्री तारे दिसले की सुटतो, त्यात ३९ प्रकारची कामं वर्ज्य, लिहिणं, शिवणं, विस्तव पेटवणं वगैरे, म्हणून दिवेसुद्धा आधीच लावून ठेवतात. पण मला खरं भावतं ते वेगळंच. तोराहमधली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली, ही विश्रांती एकट्या मालकाची नाहीच, ती नोकराची, दासीची, दारात आलेल्या परक्याची, अगदी बैल-गाढवाचीसुद्धा आहे, कारण तुम्हीही कधीकाळी मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) गुलाम होतात हे विसरू नका असं तिथे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे हात थांबवायचे आणि मान्य करायचं की जग देव चालवतो, मी नाही, मग ही भक्ती नाही तर काय? आणि कुणाचा जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच, तिथे नियम आडवा येत नाही. तुम्ही या शुक्रवारी जेवणाआधी फोन कपाटात ठेवून बघा, आणि शनिवारी कामवाल्या ताईंनाही सुट्टी द्या, पगार न कापता.