३ वर्षांचं मूल नुसतं रंग फासत बसतं, त्यातून शिकतं तरी काय?

खूप शिकतं! दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून खांद्यापासून अख्खा हात फिरवतं, मग हळूहळू मनगट वळायला लागतं आणि ४-५ वर्षांपर्यंत बरीच मुलं खडू बोटांत धरतात, तीच पकड पुढे पेन्सिलीला कामी येते. तोंडात घालायची सवय गेली असेल तर खडूचे छोटे तुकडे द्या, ते मुठीत धरताच येत नाहीत मग बोटं आपोआप कामाला लागतात. आम्ही ऐरोलीला राहतो, लेक खाडीवरचे फ्लेमिंगो बघून आली आणि लालमध्ये पांढरा टाकला की गुलाबी होतो हे तिने स्वतःच शोधलं, दिवसभर तेच सांगत होती सगळ्यांना. रेषेबाहेर गेलं तर प्लीज ओरडू नका, हात अजून तयार होतोय त्यांचा.