सर्वेमध्ये 'पुरुष / स्त्री / इतर' एवढंच विचारलं तर चालतं का?

नाही, माझ्या मते 'इतर'वर थांबू नका. तुम्ही लिहिलंय की डिझर्टेशनसाठी आरोग्यसेवांवर सर्वे करताय आणि गाईड म्हणतात तीन पर्याय पुरे. पण 2011 च्या जनगणनेत हेच तीन होते. 'इतर'मध्ये 4 लाख 87 हजारांवर लोक आले आणि त्यात जवळपास 55 हजार ही 0 ते 6 वयाची मुलं! एवढ्या लहान पोरांनी स्वतःची ओळख सांगितलेली नसणार ना, मग तो आकडा नक्की कोणाचा? आणि जन्माला 'मुलगा' नोंदलेली पण स्वतःला बाईच मानणारी ट्रान्स स्त्री कुठे टिक करणार, कोणी 'स्त्री'वर करेल कोणी 'इतर'वर, तुम्हाला नंतर ते वेगळं काढताच येणार नाही.

आधी तुम्हाला काय हवंय ते बघा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी हा विषय असेल तर सरळ गर्भाशयमुख आहे का विचारा, ते ट्रान्स पुरुषालाही (जन्माला 'मुलगी' नोंदलेला, पण स्वतःला पुरुष मानणारा) लागू होतं. दवाखान्यात वागणूक कशी मिळते हे हवं असेल तर ओळख पुरते, जन्माची नोंद कशाला उकरायची! दोन्ही खरंच लागत असेल तरच दोन प्रश्न घाला, जन्माच्या वेळी काय नोंदवलं आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. कॅनडाने 2021 ला असंच केलं, 15 वर्षं आणि पुढच्या वयाचे 1,00,815 ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारे) लोक मोजता आले. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये मात्र एकच लांबलचक प्रश्न होता, तुमची ओळख जन्माच्या नोंदीसारखीच आहे का असा, आणि इंग्रजी कच्चं असलेल्या बऱ्याच जणांना तो कळलाच नसावा अशी शंका आली. शेवटी 2024 ला त्या आकड्यांचा 'मान्यताप्राप्त अधिकृत आकडेवारी' हा दर्जा काढला.

म्हणून प्रश्न छोटा, बोलीभाषेतला ठेवा आणि आधी काही लोकांना वाचून दाखवा, त्यात तृतीयपंथी, ट्रान्स मंडळी हवीतच. पर्यायांत तृतीयपंथी, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, स्वतः लिहायला रिकामी ओळ आणि 'सांगायचं नाही' हे सगळं असू द्या. इंटरसेक्स असणं, म्हणजे जन्मतःच शरीराची लैंगिक लक्षणं ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणं, ही वेगळी गोष्ट आहे, गरज असेल तर तिचा प्रश्न वेगळा करा.

सर्वेला जाणाऱ्यांना ठणकावून सांगा, चेहरा बघून टिक करायचं नाही, घरच्यांसमोर विचारायचं नाही, कागद मागायचे नाहीत. 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानेच स्वतः सांगितलेली ओळख मानली आहे. आणि रिपोर्टमध्ये एखाद्या गावात एक-दोनच जण निघाले तर गावाचं नाव छापू नका, जिल्ह्याचा एकत्र आकडा द्या.